साथीचे दिवस आणि आपली संस्कार शिबिरे

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा मंगल प्रसंग होय. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत प्रतिष्ठा, चातुर्मास, तपश्चर्या, संघयात्रा आणि दानशूर श्रेष्ठींचे सहकार्य यांची नोंद होते, आणि ती अवश्य व्हावी. तथापि उन्हाळी सुट्टीत भरणाऱ्या संस्कार शिबिरांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. शिबिर संपते, प्रभावना वाटली जाते, मुले घरी जातात आणि एका सामूहिक छायाचित्राखेरीज मागे काही उरत नाही. त्यातही २०२० आणि २०२१ या दोन उन्हाळ्यांची तर छायाचित्रेही नाहीत. त्या दोन वर्षांत काय घडले आणि त्यामागे काय होते, हे स्मरणात ताजे असतानाच लिहून ठेवावे, या हेतूने हा लेख सिद्ध केला आहे.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे १९७४-७५ हे वर्ष आपल्या समाजाच्या दृष्टीने जागृतीचे वर्ष ठरले. चारही संप्रदाय त्यानिमित्ताने एकत्र आले. पवनारच्या विनोबाजींच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला ‘समणसुत्तं’ हा सर्वमान्य ग्रंथ त्याच काळातला. त्या उत्साहात ठिकठिकाणी पाठशाळांना नवी उभारी मिळाली, आणि पाठशाळेला जोडून शिबिरही आले. शिबिराची कल्पना मात्र याहून जुनी आहे. १९५० च्या दशकात पंन्यास भानुविजयजी महाराजांनी, म्हणजेच पुढील काळातील आचार्य भुवनभानुसूरीश्वरजींनी, शाळा-कॉलेजातील युवकांसाठी सुट्टीतील धार्मिक शिक्षण शिबिरांचा पाया घातला. दिगंबर परंपरेत जयपूरच्या पंडित टोडरमल स्मारक ट्रस्टने शिक्षण-प्रशिक्षण शिबिरांतून अध्यापकच घडवले, आणि त्यांची बालबोध पाठमाला मराठीतही घरोघर पोचली.

या शिबिरांचे बळ कशात होते? आपण उत्तर देतो की, सूत्रे, स्तवने आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गांत. माझ्या मते ते खरे उत्तर नव्हे. शिबिराचे बळ एकत्र राहण्यात होते. पहाटे एकाला जाग आली की ओळीने सगळे उठत. घरी बटाट्याशिवाय न जेवणारे मूल पंगतीत बसले की निमूटपणे मुगाची आमटी खाई. चौविहाराची घंटा झाली की शंभर मुलांत एकटा भुकेला राहिलो, असे कोणालाच वाटत नसे. दहा दिवसांत पालकांना जे दहा वर्षांत साधत नाही ते या सहवासाने साधे. आणि साथीचा रोग नेमका याच सहवासावर घाव घालतो. म्हणून २०२० साली उभा राहिलेला प्रश्न एखादा कार्यक्रम रद्द करावा की नाही एवढाच नव्हता. मुले एकत्र न येता शिबिर असू शकते का, हा तो प्रश्न होता.

असा प्रसंग आपल्या समाजावर प्रथमच आला, असे मात्र नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि व्यापाऱ्यांचा भाग. आपले कच्छी आणि गुजराती जैन बांधव तेथे मोठ्या संख्येने राहत आणि व्यापार करीत. पुढील वर्षी साथ पुण्यात शिरली. १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. झडत्यांच्या जाचातून रँडचा वध झाला, हा इतिहास सर्वविदित आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, यात्रा-जत्रांवर निर्बंध आले आणि गावोगावी लोकांना घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहावे लागले. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी ‘कॅम्प’ हा शब्द येई तो याच अर्थाने. कॅम्पात नेले म्हणजे सक्तीने वेगळे काढले. ज्या शब्दाने एका पिढीला धडकी भरत होती, त्याच अर्थाच्या ‘शिबिर’ या शब्दाने पुढच्या पिढीची मुले आनंदाने उड्या मारू लागली, ही काळाची गंमतच म्हणावयाची.

प्लेगच्या काळात अहिंसेचा एक कठीण प्रश्न समाजापुढे आला, आणि तो येथे सांगितला पाहिजे. सरकारने उंदीर मारण्याच्या मोहिमा काढल्या. त्यांना जैनांसह अनेक समाजांनी विरोध केला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवले खरे, पण शास्त्रज्ञांनी ते सर्वमान्य करण्यासही पुढे कित्येक वर्षे गेली. त्यामुळे विरोध करणाऱ्यांना केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. त्याचबरोबर, विरोध करून घरातच राहणाऱ्या कुटुंबांनी पोटची मुले गमावली, हेही दृष्टीआड करता येत नाही. घर रिकामे करून माळावर जाणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला, आणि योगायोगाने त्यात कोणाचा जीव घ्यावा लागत नव्हता. स्वतः दूर होणे ही गोष्ट आपल्या परंपरेला मुळीच परकी नाही. चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवतात तो जीवरक्षणासाठीच.

प्लेगची वर्षे सरली नव्हती, तोच १८९९ मध्ये स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या तरुणांनी तिच्या कार्याला शिक्षणाची दिशा दिली. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारण्याचा ध्यास घेतला. कोल्हापूरचे जैन बोर्डिंग त्याच पर्वातले. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील, म्हणजे आपले कर्मवीर, याच बोर्डिंगात राहिले होते. १९१५ मध्ये विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय निघाले. मुलांना एका छताखाली आणून शिक्षण आणि संस्कार द्यावेत, ही कल्पना अशा रीतीने साथींच्या छायेतच वाढली. वसतिगृह आणि साथ यांचा मेळ बसत नाही, साथ आली की मुलांना घरी पाठवावे लागते, हे ठाऊक असूनही पूर्वजांनी वसतिगृहे काढली. साथ ओसरेपर्यंत थांबू, असे त्यांनी म्हटले असते तर त्यांना वीस वर्षे थांबावे लागले असते.

१९१८ चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या वर्षी ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजे पुढील काळातील पूज्य समंतभद्र महाराजांनी, विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना केली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाचा शिरकाव झाला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातील दुसऱ्या लाटेने देश हादरला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पाऊस फसल्यामुळे अन्नधान्याचीही टंचाई होती. हिंदुस्थानात या तापाने किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे आहेत, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. अशा वर्षी जन्मलेले गुरुकुल टिकले, आणि १९३४ मध्ये त्याच प्रेरणेतून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर दुसरे गुरुकुल उभे राहिले. कर्मवीरांची रयत शिक्षण संस्थाही १९१९ मध्येच काले येथे निघाली.

आता २०२० कडे वळू. ९ मार्च रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या कोरोना रुग्णांची नोंद झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने निर्बंधांसाठी जो कायदा पुढे केला तो १८९७ चाच साथरोग कायदा होता, ही बाब अनेकांच्या ध्यानात आली नसेल. शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर राहूनच गेला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. ६ एप्रिलचे जन्मकल्याणक वरघोड्याविना, रथयात्रेविना झाले. २६ एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाच्या तपस्व्यांनी हस्तिनापूर-पालिताण्याऐवजी आपापल्या घरीच इक्षुरसाने पारणे केले. विहारातील साधु-साध्वी भगवंत जेथे होते तेथेच स्थिरावले.

मे महिन्याची शिबिरे अर्थातच होणे शक्य नव्हते. येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवणे भाग आहे. मोजकीच मुले घेऊन, गाजावाजा न करता, उपाश्रयाच्या आतल्या दालनात चार दिवस बसवू, असा आग्रह काही ठिकाणी झाला. आग्रह करणाऱ्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. पण विचार करावा. मुलांना हा रोग बहुधा सौम्य होत असे, परंतु ती घरी जाणार कोणाकडे? आजी-आजोबांकडे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचा विचार करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. धोका ठाऊक असताना तो घरच्या वृद्धांवर आणणे हा प्रमाद नव्हे तर काय? ज्या विश्वस्तांनी ठामपणे नकार दिला त्यांना त्या वेळी कटू शब्द ऐकावे लागले. धर्माला घाबरणारे, असेही म्हटले गेले. त्यांचा निर्णय धर्माचाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मोबाईलवरील शिबिरे सुरू झाली. झूम, गुगल मीट, यूट्यूब ही नावे तोवर आपल्या पाठशाळेच्या कोशात नव्हती. एप्रिल-मे २०२० मध्ये ती आजीबाईंच्याही तोंडी आली. परंतु अडचण मुळातच होती. आपले अनेक साधु-साध्वी विजेचा वापर करीत नाहीत. अग्निकाय जीवांची विराधना टाळण्यासाठी ध्वनिक्षेपकही न वापरणारे पूज्य महात्मे पडद्यासमोर बसणार कसे? त्यामुळे शिबिरात जे स्थान गुरुमहाराजांचे होते ते रिकामे राहिले, आणि शिकवण्याचा सगळा भार पाठशाळेच्या शिक्षकांवर, त्यातही शिक्षिकांवर पडला. सोलापूरच्या श्राविका संस्थेत पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी स्त्रीशिक्षणाचे जे कार्य केले त्याचे आपण गुणगान करतो. गावोगावच्या पाठशाळा मात्र अत्यल्प मानधनावर कोण चालवते, याचा विचार समाजाने या निमित्ताने प्रथमच केला. ज्या भगिनींना सभेत कधी व्यासपीठावर बसवले नव्हते, त्या आता प्रत्येक घरातल्या पडद्यावर दिसत होत्या.

झूमच्या विनामूल्य सेवेत एक बैठक चाळीस मिनिटे चाले. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे, म्हणजे दोन घटिकांचे. परदेशी कंपनीच्या हिशेबात आपली आठ मिनिटे बसेनात! काहींनी दुसरी लिंक पाठवून उरलेला वेळ भरून काढला. परंतु त्यात मोठी गडबड होई. मुले लिंक शोधत, कोणाचा आवाज बंद, कोणाचा चालू, आणि समभावाची पुरती वाट लागे. शिवाय सामायिकात बसून मोबाईल हाताळणे मुळातच वर्ज्य. काही शिक्षिकांनी यावर सरळ तोडगा काढला. आधी पडद्यावर वर्ग घ्यायचा, सामायिकाची विधी समजावून सांगायची, आणि मग सर्वांनी मोबाईल बंद करून आपापल्या घरी कटासन, चरवळा, मुहपत्ती घेऊन घड्याळ लावून बसायचे. पाहणारे कोणी नाही. दहा वर्षांच्या मुलाने अठ्ठेचाळीस मिनिटे बसायचे ते केवळ स्वतःच्या शब्दाखातर. किती मुले खरोखर बसली? सगळी नाही बसली. जी बसली ती शिबिरातल्या शंभरांच्या रांगेत बसणाऱ्यापेक्षा पुढची पायरी चढली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

गाथा देण्याची पद्धतही बदलली. समोर बसून, हात जोडून गाथा म्हणण्याऐवजी मुले दूरध्वनीवर किंवा ध्वनिमुद्रण करून गाथा पाठवू लागली. घरात मोबाईल एकच आणि मुले तीन, अशीही कुटुंबे आपल्यात आहेत. समाज सधन आहे या समजुतीत आपण त्यांना विसरतो. लहान गावांतून त्यांच्यासाठी साधा दूरध्वनीच उपयोगी पडला. शिक्षिका ठरलेल्या वेळी स्वतः फोन करीत आणि पाच-सात मिनिटांत दोन गाथा ऐकून घेत. आणखी एक गोष्ट घडली, जिची कोणी योजना केली नव्हती. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. शिबिरात चौविहार करणे सोपे, पण घरी मुलाने चौविहार करायचा तर आईला स्वयंपाक साडेसहापूर्वी उरकावा लागतो, आणि वडिलांचे दुकान एरवी नऊला बंद होते. टाळेबंदीत दुकानेच बंद. त्यामुळे कित्येक घरांत, बहुधा एका पिढीनंतर प्रथमच, सगळे कुटुंब दिवसाउजेडी एकत्र जेवले. आजवर आपण मुलांना घरातून उचलून शिबिरात नेत होतो. त्या उन्हाळ्यात शिबिर घरात शिरले आणि पालकांचीही परीक्षा झाली.

याच काळात समाजात एक वेगळा सूर उमटला, ज्याविषयी मला मौन पाळता येत नाही. तोंडाला पट्टी, उकळलेले पाणी, एकमेकांपासून अंतर, हे सगळे आपल्या धर्मात आधीपासूनच आहे, आता जगाने ते मान्य केले, अशा आशयाचे संदेश रोज फिरू लागले, आणि शिबिरांतूनही मुलांना ते सांगितले गेले. अभिमान समजू शकतो. परंतु स्थानकवासी मुनी मुहपत्ती बांधतात किंवा पूजेच्या वेळी श्रावक अष्टपड मुखकोश बांधतो, तो स्वतःला रोग होऊ नये म्हणून नव्हे. पहिल्यात वायुकायादी सूक्ष्म जीवांची जयणा आहे, दुसऱ्यात प्रभूच्या आशातनेचे निवारण आहे. आपल्या बचावासाठी बांधलेली पट्टी आणि दुसऱ्या जीवासाठी बांधलेली पट्टी यांतील अंतर मुलांना समजावण्याची मोठी संधी होती. काही जाणत्या शिक्षकांनी ती घेतली. आपल्याला लक्षणे नसतानाही समोरच्या वृद्धासाठी मास्क लावा, असे सांगून त्यांनी जयणा हा शब्द एका वाक्यात शिकवला. इतरांनी मात्र ‘आपलेच खरे ठरले’ या समाधानात ती संधी दवडली. रोग हा बावीस परीषहांपैकी एक आहे, तो साधूलाही येतो, हे आपलेच शास्त्र सांगते.

पर्युषणात देरासरे बंद होती. मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील मंदिरांपुरती सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परवानगी दिली, तीही २२ आणि २३ ऑगस्ट या दोनच दिवसांसाठी, एका वेळी पाच आणि दिवसाला अडीचशे भाविक या मर्यादेत. राज्यातील प्रार्थनास्थळे दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी उघडली. २०२१ च्या उन्हाळ्यात सर्व सुरळीत होईल, अशा आशेने अनेक संघांनी शिबिराची आखणीही केली.

परंतु २०२१ चा उन्हाळा पहिल्यापेक्षा क्रूर निघाला. एप्रिलमध्ये प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. २०२० मध्ये ऑनलाइन शिबिराचे मुलांना नवल होते. वर्षभर शाळाच पडद्यावर झाल्यानंतर ते नवल उरले नाही. नावे नोंदवली जात, पण पडद्यावर नुसतीच काळी चौकट दिसे. आणि खरे सांगायचे तर शिकवण्याची स्थितीही नव्हती. प्राणवायू, खाट, इंजेक्शन या तीन शब्दांभोवती घरे फिरत होती. कित्येक ठिकाणी शिबिर सुरू होऊन दोन-तीन दिवसांत थांबवावे लागले, आणि थांबवणे योग्यच होते. त्या दिवसांत युवकांचे खरे शिबिर रस्त्यावर भरले. कांदिवलीचे पावनधाम आधीच कोविड केंद्र झाले होते. भारतीय जैन संघटनेच्या फिरत्या दवाखान्यांनी २०२० पासूनच वस्त्यावस्त्यांत तपासणी चालवली होती. या संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाराशेच्या आसपास मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले होते, हेही येथे आठवते. घरी विलगीकरणात असलेल्यांकडे सूर्यास्तापूर्वी, कंदमुळाविना केलेला डबा दारात ठेवून घंटी वाजवून मागे सरणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्यातील बरीचशी मागल्या शिबिरांचीच विद्यार्थी होती. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय शासनाने जून २०२१ मध्ये घेतला. त्यांतील काही मुले आपल्या पाठशाळांतही असू शकतात. त्यांची विचारपूस हा स्मरणिकेचा विषय नसला तरी ट्रस्टांचा निश्चितच आहे.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. २०२२ च्या आरंभी पंधरा ते अठरा वयोगटाला आणि मार्चमध्ये बारा ते चौदा वयोगटाला लस मिळू लागली. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यास राज्यातील निर्बंध उठले, आणि त्या मे महिन्यात शिबिरे पुन्हा प्रत्यक्ष भरली. पहिल्याच दिवशी शिक्षिकांच्या एक गोष्ट लक्षात आली. दोन वर्षे फोनवर गाथा दिलेल्या मुलांना सूत्रे पाठ होती, काहींना तर अपेक्षेपेक्षा अधिक. पण जोडाक्षरे गळाली होती, अनुस्वार हरवले होते. मोबाईलच्या आवाजात जे ऐकू आले नव्हते ते मुलांच्या तोंडीही नव्हते. मग नवीन सूत्र न देता जुनीच सूत्रे समोरासमोर बसवून, एकेक शब्द तोडून पुन्हा म्हणवून घेण्यात आली. काही ठिकाणी शिबिराचे सगळे दिवस त्यातच गेले आणि उरलेले काम चातुर्मासात चालू राहिले. त्या वर्षी ३१ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्याच दिवशी, श्वेतांबर मूर्तिपूजक संघांची संवत्सरी होती. त्या सायंकाळच्या प्रतिक्रमणात अनेक मुलांनी आपल्या वाट्याचे सूत्र प्रथमच सकल संघासमोर, माईकविना, मोठ्याने म्हटले.